घरपट्टीची सूट : आधी खाता उतारा नीट वाचा

प्रश्न : माझे पती मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले होते. ते वारल्यापासून घरपट्टी मीच भरते. चंदगडला माझ्या बहिणीला सैनिकाची विधवा म्हणून घरपट्टी माफ झाली आहे. मला मिळेल का?
– एक भगिनी, अनगोळ

उत्तर : ताई, तुम्हाला पूर्ण माफी नाही, पण निम्मी सूट आहे. घर ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. चंदगड महाराष्ट्रात, तुमचं अनगोळ कर्नाटकातल्या बेळगावात. महाराष्ट्राने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिक-विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. बेळगावला कर्नाटकाचा महानगरपालिका कायदा, १९७६ लागू होतो. त्याच्या कलम ११० मध्ये कोणाला सूट द्यायची ते दिलं आहे. माजी सैनिक किंवा त्याच्या पश्चात त्याचं कुटुंब स्वतः राहत असेल, तर त्या घराला ५० टक्के सूट मिळते. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. पुढच्या खोलीत दुकान असेल तर तेवढा भाग व्यापारी धरतात.

ही सूट आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं खात्यावर, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे या पालिकेच्या दप्तरातल्या नोंदीवर अडतं. घर अजून पतीच्याच नावावर असेल तर आधी वारसा लावून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) काढलेली वंशावळ, घराची कागदपत्रं आणि ईसी (घरावर बोजा आहे का ते सांगणारा दाखला) लागते. इतर वारस असतील तर त्यांची संमतीही लागते. हे काम महिनोन्‌महिने रेंगाळतं, म्हणून मार्चची वाट बघू नका.

त्यानंतर घरपट्टीत सूट मिळण्याचा अर्ज पालिकेच्या महसूल विभागात द्या. सोबत डिस्चार्ज बुक, कुटुंब पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, आधार, तुमच्या नावाचा खाता उतारा (त्या नोंदीची पालिकेने दिलेली नक्कल), गेल्या वर्षीचं चलन, हेस्कॉमचं लाइट बिल आणि ‘या घरात मी स्वतः राहते’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. मूळ कागद दाखवायला न्या, पण देऊन येऊ नका.

नावाकडे विशेष लक्ष द्या. डिस्चार्ज बुकात नाव इंग्रजीत असतं, उताऱ्यावर कानडीत. एकीकडे ‘मारुती’, दुसरीकडे ‘मारुतीराव’. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. एवढ्यावरही अर्ज परत येतो. कानडी वाचता येत नसेल तर जाणणाऱ्या माणसाकडून उतारा अक्षर न्‌ अक्षर वाचून घ्या. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सूट नोंदली गेली की मगच चलन काढा. आधी पूर्ण रक्कम भरून बसलात तर जादा पैसे वळते करून घ्यायला नव्याने खेटे घालावे लागतात. भरलेली पट्टी विनाकारण अडकलेली बघून आम्हालाही वाईट वाटतं.

प्रश्न : वय ७४. ज्येष्ठ नागरिक म्हणून घरपट्टीत सवलत किती?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : नुसत्या वयावर सवलत नाही. एप्रिलअखेर वर्षाची पट्टी एकरकमी भरणाऱ्या कोणालाही ५ टक्के सूट मिळते, ती घ्या. मात्र ती फक्त करावर असते, सेसवर (करावर लागणाऱ्या उपकरांवर) नाही. समजा कर ६,००० रुपये आहे. सूट ३०० रुपये. पण आरोग्य सेस १५ टक्के म्हणजे ९००, ग्रंथालय सेस ६ टक्के म्हणजे ३६० आणि भिक्षुक सेस ३ टक्के म्हणजे १८० हे पूर्णच भरायचे. चलनावर या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. एकूण रकमेच्या ५ टक्के कमी झाले नाहीत म्हणून क्लार्कशी वाद घालू नका.

प्रश्न : आमचं जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घराएवढीच पट्टी येते. असं का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : बांधकामाचं वर्ष आणि बांधकामाचा प्रकार, या दोन नोंदी तपासा. घर जुनं होत जाईल तशी इमारतीच्या किमतीतून घसारा वजा होतो आणि कर उतरतो. स्वयंमूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये बांधकामाचं वर्ष चुकीचं पडलं, किंवा खातेबदल झाला तेच वर्ष लिहिलं गेलं, तर शंभर वर्षांचं घरही कागदावर नवं ठरतं. ही सूट मागायची नसते, नोंद दुरुस्त केली की हक्काने मिळते. जुना उतारा, जुनी पट्टीची पावती किंवा खरेदीखत पुरावा म्हणून द्या. क्षेत्रफळही स्वतः टेप लावून मोजा. पडवी पाडून वर्षं झाली तरी ती नोंदीत उभी असते.

प्रश्न : आमचं घर कॅम्पात आहे. वरचे नियम लागू होतील का?

उत्तर : चलनावर नाव कोणाचं आहे ते बघा. कँटोन्मेंट बोर्डाचं असेल तर तिथे २००६ चा केंद्राचा कँटोन्मेंट कायदा चालतो आणि अर्ज बोर्डाच्याच कचेरीत द्यायचा. घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ घेऊन पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटा.