बाबांचे 10 लाख प्रेफरन्स शेअरमध्ये? आधी रांगेतली जागा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा निवृत्त आहेत, पेन्शन धरून उत्पन्न वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास. ओळखीतल्या एजंटने एका नोंदणी नसलेल्या (म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या) कंपनीचे 9 टक्क्यांचे, 7 वर्षांचे प्रेफरन्स शेअर सुचवले आहेत. 10 लाख घालायचे. एजंटचं वाक्य, "एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त."

ते वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. एफडीसारखं नाही आणि व्याजही नाही. प्रेफरन्स शेअर हा कंपनीचा शेअरच, फक्त त्याला ठरलेल्या दराने लाभांश साध्या (इक्विटी) शेअरच्या आधी मिळतो. म्हणजे मिळतो तो लाभांश. व्याज चुकलं तर कंपनी थकबाकीदार ठरते, लाभांश चुकला तर ठरत नाही. नफा झाला नाही, संचालकांनी लाभांश जाहीर केला नाही, विषय संपला. शेअर 'क्युम्युलेटिव्ह' असेल तर राहिलेला लाभांश पुढे साठत जातो, पण त्या साठलेल्या रकमेवर सहसा एक पैसाही व्याज मिळत नाही. तीन वर्षं 90-90 हजार अडकले आणि चौथ्या वर्षी 2 लाख 70 हजार एकदम मिळाले, तर कागदावर सगळं चुकतं झालं. घरखर्च मात्र ती तीन वर्षं कशावर चालला, हे कुणी विचारत नाही. 'नॉन-क्युम्युलेटिव्ह' असेल तर गेलं ते गेलं. ऑफर लेटरमध्ये हा एक शब्द सगळ्यात आधी शोधा.

सलग दोन वर्षं किंवा जास्त लाभांश थकला की कायद्याने (कंपनी कायदा 2013, कलम 47) प्रेफरन्सधारकाला सगळ्या ठरावांवर मतदान करता येतं. ऐकायला बरं वाटतं. पण प्रवर्तकांकडे नव्वद टक्के मतं असलेल्या कंपनीत 10 लाखांच्या मताचं काय करणार?

आता रांग. कंपनी दिवाळखोरीत गेली तर वाटणीचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये दिला आहे. प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका, इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, उरलेले धनको, त्यानंतर प्रेफरन्सधारक आणि सगळ्यात शेवटी इक्विटीधारक. 'प्रेफरन्स' हा अग्रहक्क फक्त त्या शेवटच्या माणसाच्या पुढचा आहे. मुदत संपूनही पैसे दिले नाहीत म्हणून धनको या नात्याने दिवाळखोरीचा अर्ज करावा, तर तेही जमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ईपीसी कन्स्ट्रक्शन्स विरुद्ध मॅटिक्स फर्टिलायझर्स या खटल्यात स्पष्ट केलं की प्रेफरन्सधारक हा भागधारक आहे, वित्तीय धनको (म्हणजे कर्ज देणारा) नाही. एजंट 'सिक्युअर्ड' म्हणाला असेल तर कोणती मालमत्ता तारण आहे ते त्याच्याकडून लिहून मागा. मिळणार नाही.

एवढं सगळं पत्करून मिळतं किती, ते बघू. बाबांचं उत्पन्न नव्या करपद्धतीत 12 लाखांच्या आत आहे, म्हणजे 2025-26 पासून कर शून्य. 10 लाखांवर 9 टक्के म्हणजे वर्षाला 90,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (एप्रिल 2023 पासून दर 8.2 टक्के) तेच 10 लाख 82,000 देतात, तेही दर तिमाहीला 20,500 करून, सरकारच्या हमीवर. फरक वर्षाला 8,000 रुपये, म्हणजे महिन्याला 667.

सात वर्षांचा फरक 56,000. शंभर जणांनी शंभर वेगवेगळ्या अशा कंपन्यांत 10-10 लाख घातले, तर सगळ्यांचा मिळून जास्तीचा लाभ 56 लाख. त्यातल्या फक्त सहा कंपन्यांनी मुद्दल बुडवलं की 60 लाख गेले आणि हिशेब तोट्यात. नोंदणी नसलेल्या, पतमानांकन नसलेल्या कंपन्यांत सात वर्षांत शंभरात सहा बुडणं अशक्य वाटतं का? मला नाही वाटत. योजनेची मर्यादा 30 लाख आहे. बाबांची ती भरली नसेल तर हा प्रश्न इथेच संपतो.

30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: 1 एप्रिल 2020 पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरून टप्प्याप्रमाणे करपात्र आहे. सेससह 31.2 टक्के कापून 9 चे 6.19 उरतात. जुन्या दिवसांतलं 'लाभांश करमुक्त' हे पालुपद कुणी अजून म्हणत असेल तर त्याची माहिती किमान तेवढी जुनी आहे.

मुदतीनंतरची परतफेड हा खरा अडकण्याचा भाग. बहुतेकांना वाटतं, कंपनीकडे पैसे असले की परत मिळतील. तसं नाही. कलम 55 प्रमाणे मुद्दल परत करायचं तर ते वाटपायोग्य नफ्यातून किंवा खास त्यासाठी काढलेल्या नव्या शेअर्सच्या पैशातूनच. समजा 5 कोटींचे प्रेफरन्स शेअर मुदतीला आले आणि ताळेबंदात साठलेला नफा 80 लाख. बँक खात्यात 6 कोटी पडलेले असले तरी कंपनी ते 5 कोटी देऊ शकत नाही. मग घरी एक पत्र येतं: जुन्या शेअर्सच्या बदल्यात नवे प्रेफरन्स शेअर घ्या, सोबतच्या संमतिपत्रावर सही करून पाठवा. त्यावर सही करू नका. मूल्याने तीन चतुर्थांश धारकांची संमती आणि न्यायाधिकरणाची (एनसीएलटी) मंजुरी मिळाली तर कंपनीला असा बदल करता येतो, पण संमती न देणाऱ्यांचे शेअर लगेच परत घेण्याचा आदेश न्यायाधिकरणाने त्याच वेळी द्यायचा असतो. सही केलीत की हा हक्क गेला. 'फक्त औपचारिकता आहे' असं सांगून या सह्या गोळा होतात.

त्यामुळे एजंटने दाखवलेल्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा ताळेबंद बघा. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर 100 रुपये भरले की कंपनीची दाखल कागदपत्रं बघता येतात, तारणांची यादी तर फुकट दिसते. गेल्या तीन वर्षांचा 'राखीव निधी आणि शिल्लक' हा आकडा घ्या आणि शेजारी आधीच्या व आताच्या सगळ्या प्रेफरन्स शेअर्सची बेरीज मांडा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल आणि नफाही तुटपुंजा असेल, तर परतफेड नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून करायचा बेत आहे असं समजा. जिथे इंड-एएस (भारतीय लेखा मानकं) लागू आहे त्या कंपन्यांत हे शेअर भागभांडवलात सापडणार नाहीत. मुदतीला परत करायचे शेअर तिथे सहसा कर्जाच्या रकान्यात आणि त्यांचा लाभांश वित्तीय खर्चात दिसतो. हिशेबनीसही त्याला कर्ज म्हणतो, फक्त कर्जदात्याचे हक्क तुम्हाला मिळत नाहीत. आणखी एक: आधीच्या प्रेफरन्स शेअर्सची परतफेड किंवा देय लाभांश थकलेला असेल तर कंपनीला नवे काढताच येत नाहीत. तेही इथेच तपासता येईल.

आणि मुळात एजंट आला कुठून? असे शेअर खासगी वाटपानेच (कलम 42) विकले जातात. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 200 जणांना, नावाने आणि अनुक्रमांकाने पाठवलेल्या पीएएस-4 (खासगी वाटपाच्या ऑफर लेटरचा ठरलेला नमुना) पत्रानेच. लोकांपर्यंत पोचण्यासाठी जाहिरात किंवा एजंट वापरायला कायद्यात सरळ मनाई आहे. पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून, कंपनीच्या त्यासाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात जायला हवेत. रोख नाही, एजंटच्या खात्यात तर मुळीच नाही. 60 दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत परतावा, नाहीतर 12 टक्के व्याज.

बाजारात नोंदणी असलेले प्रेफरन्स शेअर बरे का? कागदपत्रांच्या बाबतीत बरे. पण आपल्याकडे ते मोजकेच असतात आणि बरेचदा बोनस म्हणून आलेले. झी एंटरटेनमेंटने 2014 मध्ये एका इक्विटीमागे 6 टक्क्यांचे 21 दिले होते, परतफेड चौथ्या वर्षापासून दरवर्षी 20 टक्के. टीव्हीएस मोटरने 2025 मध्ये एका इक्विटीमागे 10 रुपयांचे 4 दिले. हप्त्याने परतफेड असलेल्या शेअरमध्ये लोक हमखास फसतात ते उताऱ्याच्या (भावावर वर्षाला किती टक्के मिळतात त्याच्या) गणितात. 10 रुपयांचा, 6 टक्क्यांचा शेअर पहिल्यांदा 60 पैसे देतो. 2 रुपये परत आले की दर्शनी किंमत 8 आणि लाभांश 48 पैसे, मग 36, 24, 12. साइटवर गेल्या वर्षीचे 60 पैसे भागिले आजचा भाव असा उतारा दिसतो, तो खोटा असतो. प्रत्येक तारखेला येणारा लाभांश आणि मुद्दल एक्सेलमध्ये मांडा आणि एक्सआयआरआर (तारखा धरून निघणारा वार्षिक परतावा) काढा. खरेदी लिमिट ऑर्डरनेच (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच) करा. दिवसभरात चार सौदे होणाऱ्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर म्हणजे वर्षाचा लाभांश एका क्लिकमध्ये विक्रेत्याला देणं.

स्टार्टअपचे 0.01 टक्क्यांचे सीसीपीएस (सक्तीने इक्विटीत रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर) कुणी याच नावाखाली दाखवले तर ते उत्पन्नाचं साधन नाही. पुढे इक्विटीत रूपांतर होणारी ती जोखीम आहे, वेगळा विषय.

एजंटला आज एकच निरोप पाठवा: बाबांच्या नावाचं पीएएस-4 आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद पाठव. काय उत्तर येतं ते इथे लिहा, ताळेबंद आले तर आकडे बघून पुढचं सांगतो.