डॉक्टर-वकिलांसारखी आचारसंहिता आयटीवाल्यांना असते का? मॅनेजरने प्रॉडक्शनमधला डेटा गुपचूप बदलायला सांगितला तर काय करावं?

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा गाभा मला कळला तो असा. एका एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपनीचं, कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर तुमची टीम सांभाळते; ती तुमची क्लायंट. एका बगमुळे काही ग्राहकांना हप्ता वेळेत भरूनही दंड लागला. मॅनेजर म्हणतात, महिनाअखेरीच्या आत रात्री प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या चालू डेटाच्या, टेबलमध्ये थेट अपडेट मार, टीमचा कॉमन आयडी वापर, शेवटच्या बदलाची तारीख जुनीच ठेव आणि टिकीट (बदलाची अधिकृत नोंद) काढू नको. वर, ‘ग्राहकाचं भलंच होतंय की!’ तुम्हाला हे खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाहीये.

मी गेली बरीच वर्षं बँकांच्या अ‍ॅप्लिकेशन्सच्या प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम करते, म्हणून आधीच सांगते की डेटा फिक्स करणं हा गुन्हा नाही. सपोर्टमधल्या कुणालाही विचारा, तो आमचा रोजचा उद्योग आहे. तुमच्या मॅनेजरच्या वाक्यात वाईट आहे ती जुनी तारीख आणि न काढलेलं टिकीट.

पहिला प्रश्न पटकन संपवते. संहिता आहे, सनद नाही. डॉक्टरची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते, वकिलाची सनद बार कौन्सिलकडे, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ती जाते. कोड लिहायला कुणाची सनदच लागत नाही, मग काढून घेणार काय? एसीएम या संगणक क्षेत्रातल्या जुन्या संघटनेची आचारसंहिता आहे, २०१८ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी आणि एसीएमने मिळून १९९९ मध्ये खास सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी आठ तत्त्वांची संहिता काढली. आपल्याकडे १९६५ पासून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया आहे, तिचीही आहे. मोडली तर फार तर सभासदत्व जाईल, आणि आपल्यातले बहुतेक जण कशाचेच सभासद नसतात.

तरी त्या आठ तत्त्वांचा क्रम एकदा बघाच. पहिलं तत्त्व जनतेचं हित, दुसरं क्लायंट आणि मालक. मालकाचं हित सांभाळायचं, पण जनतेच्या हिताला धरून. जॉइनिंगच्या दिवशी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत ज्या कोड ऑफ कंडक्टवर आपण टिक करतो, त्यात कंपनीची मालमत्ता, कंपनीची गुपितं आणि कंपनीचं नाव याच्या पलीकडे जनता क्वचितच दिसते.

आता तुमच्या अपडेटकडे. समजा, तुम्ही रात्री दंडाचा कॉलम शून्य केलात. त्या दंडाचं उत्पन्न जीएलला (जनरल लेजर, म्हणजे कंपनीच्या मुख्य खतावणीला) आधीच पोस्ट झालेलं आहे. ते तुमच्या अपडेटने उलटत नाही, म्हणजे कर्जाचं लेजर आणि जीएल जुळणार नाहीत आणि पुढच्या महिन्यात आणखी कुणालातरी आणखी एक गुपचूप फिक्स मारावा लागेल. बगमुळे खातं थकीत दिसलं असेल तर ते दिवस क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेला) गेलेले असू शकतात, आणि तिथे तुमचा अपडेट पोचत नाही. कुणाच्या खात्यातून दंड वळता झाला असेल तर पैसे परत द्यायचे आहेत. तुम्ही फक्त आपल्या स्क्रीनवरची चूक पुसली.

सगळ्यात वाईट पुढे आहे. एखाद्या ग्राहकाकडे दंडाचा एसएमएस आहे. तो शाखेत येतो, काउंटरवरची मुलगी स्टेटमेंट काढते, त्यात असा दंड कधी लागल्याचा मागमूस नाही. ती बिचारी प्रामाणिकपणे म्हणते, ‘सर, सिस्टिममध्ये काही नाहीये.’ खरं बोलणारा माणूस खोटा पडला, आणि पाडणारे तुम्ही. रिव्हर्सल एंट्री (दंड उलटवणारी वेगळी नोंद) मारली असती तर स्टेटमेंटवर दोन ओळी दिसल्या असत्या, या तारखेला दंड लागला, त्या तारखेला उलटवला. त्या दोन ओळी हा त्याचा पुरावा आहे. म्हणून ‘भलंच होतंय की’ हे मला मान्य नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाचं होरायझन प्रकरण वाचा. आपल्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते शिकवायला हवं असं माझं मत आहे. १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये होरायझन हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात झाली. ते पुढे फुजित्सू या जपानी कंपनीकडे होतं. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्टर म्हणजे बरेचदा दुकानाच्याच एका बाजूला पोस्ट चालवणारी माणसं, त्यांत भारतीय वंशाचीही अनेक. हिशेब जुळवायला बसलं की स्क्रीनवर तूट दिसायची, आणि करारानुसार ती खिशातून भरावी लागायची. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. त्यांतले सुमारे सातशे पोस्टाने स्वतःच भरलेल्या खटल्यांत. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली.

बग कुठे नसतात? मला हादरवलं ते त्याच २०१० सालच्या एका टिपणाने. जमा-खर्चाचे आकडे न जुळण्याचा एक बग सापडला होता, आणि पोस्ट व फुजित्सूचे लोक त्यावर उपाय शोधत होते. एक पर्याय होता शाखेच्या हिशेबात मागून थेट आकडा लिहिण्याचा. त्याच्या पुढे धोके लिहिलेत: यावर छेडछाडीचा आरोप होऊ शकेल, आणि शाखेला न सांगता तिचा डेटा बदलण्यात नैतिक प्रश्न येतो. हा बग बाहेर कळला तर शाखांचा विश्वास उडेल आणि चालू खटल्यांवर परिणाम होईल, हेही त्याच टिपणात आहे. म्हणजे दिसत सगळं होतं. नीतीचा मुद्दा कुणीतरी नीट टाइप केला होता, आपण ‘रिस्क’च्या रकान्यात टाइप करतो तसाच.

बाहेरून शाखेच्या खात्यात कुणी हात घालूच शकत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. फुजित्सूच्या ब्रॅकनेलच्या सपोर्ट टीममध्ये काम केलेले रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये बीबीसीवर सांगितलं की घालता येतो आणि घातला जायचा. तुमच्या-माझ्यासारखाच सपोर्टवाला माणूस. २०१९ मध्ये त्यांनी कोर्टात साक्षही दिली. त्या डिसेंबरच्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी पोस्टाच्या हटवादाला पृथ्वी सपाट आहे असं म्हणत राहण्याचा एकविसाव्या शतकातला अवतार ठरवलं. शेवटी २०२४ मध्ये शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला संसदेला कायदाच करावा लागला.

‘पण मला सांगितलं म्हणून मी केलं’ हे कितपत चालतं, असंही तुम्ही विचारलंय. डिझेल गाड्यांची प्रदूषण चाचणी सॉफ्टवेअरने फसवण्याच्या फोक्सवॅगन प्रकरणात जेम्स लियांग हा इंजिनिअर होता, कंपनीचा मालक नव्हे. त्याने तपासात सहकार्य केलं होतं, तरी ऑगस्ट २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या कोर्टाने त्याला ४० महिने कैद आणि २ लाख डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ बघा: मालकाच्या परवानगीशिवाय डेटा बदलणं त्यात येतं. आणि तो डेटा तुमच्या मॅनेजरचा नाही, तुमच्या कंपनीचाही नाही. तो त्या एनबीएफसीचा आहे. त्यांच्या अधिकृत माणसाची मंजुरी नसेल आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, आणि तो आहे का हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. डेटाबेसमध्ये मागून मारलेले थेट अपडेट हीच ऑडिटर लोकांची आवडती जागा आहे. कॉमन आयडीच्या आड लपता येईल या भ्रमातही राहू नका. लॉगिंग नीट असेल तर डेटाबेसच्या लॉगमध्ये मशीनचं नाव आणि आयपी येतो, व्हीपीएनच्या लॉगमध्ये तुमचं नाव. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

मग करायचं काय? भांडायचं नाही, नीतीवर भाषणही नको. आज संध्याकाळीच साधा मेल टाका:

‘सर, दंडाच्या दुरुस्तीबद्दल आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे स्क्रिप्ट तयार करते आहे. किती खाती आणि किती रक्कम, ते सोबत जोडते. क्लायंटची मंजुरी आणि टिकीट नंबर मिळाला की आज रात्रीच रन करता येईल. तारीख मागची ठेवली तर ऑडिट ट्रेलमध्ये अडचण येईल, म्हणून आजचीच ठेवते. ब्युरोला गेलेल्या डेटाचं आणि परताव्याचं कोण बघणार, ते कळवावं.’

(तुम्ही पुरुष असाल तर क्रियापदं तेवढी बदला.) यात नकार कुठेच नाही, आरोपही नाही. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, कारण मॅनेजरलाही बरेचदा क्लायंटसमोर बग कबूल करायची भीतीच वाटत असते, लबाडी करायची नसते. स्क्रिप्ट मात्र कुणीही उघडून बघावी अशी लिहा: आधी सिलेक्ट (नुसतं वाचून बघणं) आणि ओळींची संख्या, जुन्या व्हॅल्यूंचा बॅकअप टेबल, मग अपडेट, संख्या जुळली तरच कमिट (बदल कायम करणं), आणि वर कॉमेंटमध्ये टिकीट नंबर. लिहिणारा एक, रन करणारा दुसरा. बँकेत मेकर-चेकर, म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची ही पद्धत, उगीच नसते.

उत्तर तोंडीच आलं, ‘मेल कशाला करतेस, फोनवर बोल ना’ असं, तर ओळखा की आता वर जायची वेळ आली. डिलिव्हरी हेड, मग कंपनीचं एथिक्सचं चॅनेल. लिस्टेड कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे अशी व्हिजिल (गैरप्रकाराची तक्रार करण्याची) यंत्रणा ठेवावीच लागते, आणि अपवादात्मक प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं.

कॉमेंटमध्ये एकाने ‘सगळा पुरावा पर्सनल मेलवर पाठवून ठेव’ असा सल्ला दिलाय, तो कृपा करून ऐकू नका. ग्राहकांची नावं, खाते क्रमांक असलेली शीट घरच्या जीमेलवर गेली की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-अ (करार मोडून वैयक्तिक माहिती उघड करणं) तुमच्याच गळ्यात येऊ शकतं, आणि मूळ प्रकरण बाजूला राहून एचआरची चौकशी तुमचीच सुरू होईल. कधी, कुणी, काय सांगितलं एवढं ग्राहकांच्या तपशिलाशिवाय स्वतःच्या वहीत तारखेसह लिहा. मेल ऑफिसच्या सर्व्हरवरच राहू द्या, चौकशीत तिथूनच निघतात.

नोकरी सोडू का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. तुमच्यावर गृहकर्ज आहे हे तुम्हीच लिहिलंय. मेल टाका, दोन दिवस थांबा, काय उत्तर येतं ते इथे कळवा. दरम्यान रेझ्युमे अपडेट करून ठेवायला हरकत नाही; प्रॉडक्शन सपोर्टला पुण्यात मागणी आहे.