जाऊबाईंना सवड कधी होणार?

*ताई, आम्ही 21 वर्षं लेस्टरला आहोत. सासर देवगड तालुक्यातलं, हापूसची कलमं आहेत. गेल्या वर्षी मुंबईच्या माझ्या नणंदेला, वयाच्या 47व्या वर्षी, स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता बरी आहे. तेव्हापासून मी थोरल्या जाऊबाईंच्या मागे लागलेय की एकदा तपासून घ्या. त्या 58 वर्षांच्या. दर वेळी एकच उत्तर, ‘माका काय धाड भरली हा?’ माहितीचे व्हिडिओ पाठवले, तर आता माझा फोन आला की तो सासूबाईंच्या हातात देऊन त्या आत जातात. खर्च आम्ही करू म्हटलं, तर भाऊजी रागावले. गणपतीला येतोय, तेव्हा काय करू?*

*ता. क. मलाही इथल्या तपासणीचं पत्र आलंय. मी 51 वर्षांची. नोकरीच्या गडबडीत राहून गेलं, फ्रिजवर लावून ठेवलंय.*

पहिलं म्हणजे ते व्हिडिओ पाठवणं थांबवा. अडाणीपणामुळे नाही म्हणणाऱ्यांतल्या तुमच्या जाऊबाई नाहीत. नणंदेचे केस गेलेले त्यांनी पाहिलेत, डबेही बहुधा त्यांनीच पाठवले असतील. त्यांना कॅन्सर माहीत आहे, म्हणूनच त्या आत जातात.

‘धाड भरली हा?’ या उत्तरात बरंच काही दडलेलं असतं. लाज आहेच. ज्या बाईने तीन बाळंतपणांनंतर डॉक्टरसमोर पदर बाजूला केला नाही, तिला ‘फक्त पाच मिनिटांचं काम’ सांगून उपयोग नाही. पण माझ्या मते लाज हे वरचं कारण. खालचं कारण सवड. देवगडात आंब्याच्या घरातल्या बाईचं वर्ष आठवून बघा. थंडीत मोहोर नि फवारण्या, मार्चपासून काढणी, पेट्या, बागेत राखणीला असलेल्या गड्यांची जेवणं. ते संपतं तोवर आगोट, मग लावणी, मग गणपती, आणि बारा महिने सासूबाई. आणि सगळ्यांत खाली एक प्रश्न असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही: ‘आणि निघालं तर?’ मग घर कोण बघणार, पैसा कुठून येणार, मुलांना मुंबईहून रजा टाकून यावं लागणार. नसती बिलामत आपणच शोधायला का जावं? माझ्या चुलतीने काखेतली गाठ आठ महिने लपवली होती, कारण मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न थाटात झालं. पुढचं सांगत नाही.

तेव्हा उत्तर द्यायचं ते ‘निघालं तर’ला. गाठ लहान असताना कळली, तर बहुतेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही आणि बरं होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. महिनेच्या महिने बाईला अंथरुणावर पाडतो तो उशिरा कळलेला आजार. घर बघायचं आहे म्हणूनच तपासायचं, असं त्यांना सांगता येईल. ते त्यांच्या हिशेबात बसतं.

आता तपासणीबद्दल. परदेशात राहून आपल्याला तपासणी म्हणजे मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रेच वाटतो. पहिली पायरी तीच असायला हवी असं नाही. मुंबईच्या वस्त्यांमधून 1998 पासून टाटा स्मारक रुग्णालयाने 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या भागात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत. यंत्र नाही, वीज नाही. 20 वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल 2021 साली आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण जाऊबाई 58 च्या आहेत.

2016 पासून सरकारी कार्यक्रमातही तिशीच्या पुढच्या बायकांसाठी अशीच हाताने केलेली तपासणी आहे, मोफत. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी एक टक्कासुद्धा बायकांनी कधी स्तन तपासून घेतलेले नव्हते. म्हणजे जाऊबाई एकट्या हट्टी नाहीत, अख्खा देश त्यांच्या बाजूला उभा आहे.

उपकेंद्रात नर्सबाई असतात, आशाताई घेऊन जाईल. मात्र आशाताई म्हणजे वाडीतलीच कुणाची तरी सून. ‘संध्याकाळपर्यंत तिठ्यावर कळतला’ ही भीती खोटी नाही. तसं असेल तर सरळ कणकवलीला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जा. तिथे गर्दीत कोणी विचारत नाही, आणि गुडघेही दाखवायचेच होते हे कारण घरात पुरतं. मॅमोग्राम लागलाच, तर फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचं की जवळ कुठे सोय आहे, हे आधी फोनवर विचारा. यंत्र चालू आहे का आणि चालवायला बाई आहे का, हे दोन प्रश्न नक्की. मी एकदा एका आतेबहिणीला घेऊन गेले, तर आत तंत्रज्ञ पुरुष. ती तशीच परत फिरली, आणि पुढची चार वर्षं कुठे गेली नाही.

मॅमोग्रामला स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. त्रास होतो, पण तेवढ्यापुरताच. त्या दिवशी पावडर लावू नये. गळ्यातलं काढावं लागतं, म्हणजे मंगळसूत्रसुद्धा. हे घरीच सांगून ठेवा. ऐन वेळी ‘ते काढा’ म्हटलं की आपल्या बायका बिथरतात. पदराच्या टोकाला बांधून ठेवलं की झालं. आणि पुढे सुई घालून तुकडा तपासायची वेळ आली, तर ‘सुई लागली की गाठ पसरते’ असं कोणीतरी म्हणेलच. तसं होत नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि ते सिद्ध करायलाच ती सुई.

गणपतीत हा विषय काढू नका. गौरी-गणपती गेले की अनंत चतुर्दशीपर्यंत चार दिवस मिळतात. त्यानंतर पितृपक्ष लागला की पुन्हा ‘आता नको’. त्या चारातला एक दिवस धरा. ‘तुम्ही जा’ म्हणू नका, ‘माझ्यासोबत चला’ म्हणा. त्या दिवशी तुमच्या यजमानांनी घरी थांबून आईचं औषधपाणी आणि दुपारची पेज बघायची. त्यांची बहीण आजारी होती, एवढं तर करतील. पैशांचा शब्द काढू नका. भाऊजींना गाडी तेवढी मागा, मान राहतो.

एवढं करूनही नाही म्हणाल्या, तर तो त्यांचा अधिकार. फक्त एक शब्द घ्या: स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढलेलं, त्यातून रक्त, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, यांपैकी काही दिसलं तर आठ दिवसांत दाखवायचं. दुखत नसलं तरी. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो.

आणखी एक. नणंद तुमच्या किंवा जाऊबाईंच्या रक्ताची नाही, तिच्या आजाराने तुमचा धोका वाढत नाही. पण तुम्हा दोघींच्या मुलींची ती आत्या. हा आजार फक्त आईकडूनच येतो असं नाही, वडिलांकडूनही येऊ शकतो. आनुवंशिक प्रकार शंभरात पाच-दहाच, तरी 47 हे वय कमी आहे. जनुकीय चाचणी करावी का, हे नणंदेने तिच्या डॉक्टरांना विचारावं. ती चाचणी आधी तिचीच होते.

राहिलं ते फ्रिजवरचं पत्र. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, 50 ते 71 वयात दर तीन वर्षांनी बोलावते, तपासणारी बाईच असते, आणि चुकलेली तारीख पुन्हा घेता येते. शंभरातल्या चौघींना परत बोलावतात, त्यातल्याही बहुतेकींना काही नसतं, तेव्हा तसं पत्र आलं तर हादरू नका. तुमची नोकरी आणि जाऊबाईंची आंब्याची पेटी, मला तरी फार फरक दिसत नाही. गणपतीआधीची तारीख घ्या. करून आलात की त्याच दिवशी देवगडला फोन लावा. पट्टी किती दाबली, मंगळसूत्र कुठे ठेवलं, रांगेत शेजारी कोण बसलं होतं, ते सगळं रंगवून सांगा. जाऊबाई त्या दिवशी फोन सासूबाईंना देणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.