एसएमए, ५० लाखांची मर्यादा आणि ‘सुधारणा’ नावाचा रकाना

ताई, तुमच्या मुलीला एसएमए (स्नायू कमजोर करत नेणारा दुर्मिळ जनुकीय आजार) टाइप २ आहे, त्यावरचं रिसडिप्लाम हे महागडं औषध सरकारी मदतीतून सुरू आहे आणि आता ‘लक्षणीय सुधारणा नाही’ असा शेरा मारून पुढच्या बाटल्या अडवल्यात, हे वाचलं आणि आमची जुनी फाईल आठवली. जनुक तपासणी, नोंदणी, अर्ज तुमचं झालेलंच आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. (मी डॉक्टर नाही. डोसबाबत न्यूरॉलॉजिस्ट सांगतील तेच खरं.)

आम्हाला ज्या कार्यालयाने सर्वांत जास्त छळलं (नाव घेत नाही), त्यांच्या फॉर्मवर रकाना एकच: ‘उपचारानंतरची सुधारणा’. हॅमरस्मिथ स्केलवर, म्हणजे बसणं-उभं राहणं अशा हालचाली मोजणाऱ्या ६६ गुणांच्या चाचणीत, आमच्या मुलाचे गुण होते तेवढेच राहिले होते. साहेबांनी ‘निरंक’ लिहून फाईल बाजूला सारली. अहो, औषधाशिवाय हे गुण वयाबरोबर घसरत जातात. ते टिकले हाच फायदा. तापाच्या गोळीसारखं ‘उतरला का?’ विचारून इथे भागत नाही. पण घसरण थांबली हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती, आणि तोंडी सांगितलं तर ‘आमच्याकडे तशी तरतूद नाही’.

शेवटी उपयोग झाला तो हातांच्या चाचणीचा. आरयूएलएम म्हणतात, ३७ गुणांची. टोकन उचलून कपात टाकणं, कागद फाडणं, कप तोंडापर्यंत नेणं. जी मुलं उभी राहत नाहीत त्यांचं खरं चित्र इथे दिसतं. फिजिओकडून जुने-नवे दोन्ही आकडे तारखेसह घ्या, आणि औषध नसतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. ही ओळ नसेल तर बाकी कागदांचा ढीग व्यर्थ, असं माझं मत.

दुसरं, सरकारी मदतीची मर्यादा ५० लाख सगळ्यांना सारखी म्हणजे न्याय झाला, हे मला कधीच पटलं नाही. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात गट १ म्हणजे एकदाच उपचार करून भागणारे, गट ३ म्हणजे आपल्या मुलांसारखे, जन्मभर महागडं औषध लागणारे. २०२२ पासून मर्यादा मात्र दोघांना एकच. वजन २० किलोच्या पुढे गेलं की रिसडिप्लाम रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमची बाटली १२ दिवस. सहा लाखांच्या आसपासच्या जुन्या छापील किमतीने ५० लाख जेमतेम तीन महिने पुरायचे! इंग्लंडमध्ये कुठल्या औषधावर सरकारी खर्च करायचा हे ठरवणारी नाइस ही संस्था २०२२ पासून आजार जितका गंभीर तितकं त्याच्या फायद्याला जास्त वजन देते, १.७ पटीपर्यंत. तिथेही रडारड आहेच, पण निदान गांभीर्याला हिशेबात जागा आहे.

तुमचं एस्टिमेट जुन्या भावाचं असेल तर आधी बदलून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोशची (मूळ औषध बनवणाऱ्या कंपनीची) याचिका ऐकली नाही आणि नॅटको या भारतीय कंपनीचं जेनेरिक, म्हणजे तेच औषध स्वस्तात, १५,९०० रुपयांना बाटली असं आलं. वर्षाच्या तीस बाटल्या धरा, पाच लाखांच्या आतच हिशेब बसतो. तुमचे उपचार चालू आहेत त्या केंद्रात ते मिळतं का, हे लेखीच विचारा. फोनवरच्या उत्तराला काडीची किंमत नाही.

जाता जाता: पावडरीत पाणी मिसळून तयार केलेली औषधाची बाटली फ्रीजमध्ये ६४ दिवस चालते, पण फ्रीझरमध्ये अजिबात नको. प्रवासात बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवू नका. आमच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मुलाचं नाव खोडून पाठवतो.