सही करण्याआधी

प्रिय,

‘सगळ्यांत चांगलं गर्भनिरोधक साधन कोणतं ते सांगा, मी डोळे मिटून तेच घेईन,’ असं तू लिहिलंयस. तुझा विश्वास मोलाचा आहे, पण डोळे मिटून काही घेऊ नकोस, माझ्या सांगण्यावरून तर नकोच.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं म्हणालीस, की दीड-दोन वर्षांनी मूल हवंय. अगं, सगळं तिथेच अडलंय! दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सोयीचं असतं, रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही. पण ते थांबवल्यावर दिवस राहायला बऱ्याच जणींना आठ-दहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मूल लांबवायचं असेल तर हरकत नाही, तुझ्या बेताला मात्र ते अडचणीचं ठरेल. तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात. पण सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटही जास्त दुखतं. तुझ्या अंगावरून आधीच खूप जात असेल तर हे आधी बोल. गोळ्यांनी बहुधा रक्तस्राव कमी होतो. मात्र डोळ्यांपुढे चमकून, नागमोडी रेषा दिसून अर्धशिशी उठत असेल तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळ्या टाळायच्या असतात, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळ्यांचा भरवसा राहत नाही. कुणी विचारलं नाही, तरी हे सगळं तू आपणहून सांगायचं.

लैंगिक आजारांपासून यांतलं एकही साधन वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो, सोबतीला दुसरं साधन असलं तरी. हे जोडीदारालाही वाचून दाखव. हा भार तुझ्या एकटीचा नाही.

आता सहीचं. तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्यावर कुणी संमतीचा कागद पुढे केला, तर उठून बस, कपडे सारखे कर आणि सावकाश वाच. मी हे मुद्दाम सांगते, कारण त्या अवस्थेत माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. डॉक्टरांना विचार: याचा त्रास काय होऊ शकतो? नको झालं तर कधी आणि कसं थांबवता येईल? दुसरे पर्याय कोणते? आज काहीच केलं नाही तर काय होईल? उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचार. ‘एवढं कशाला माहीत हवं?’ असं कुणी म्हणालं तर दबून जाऊ नकोस. मुलं किती, कधी आणि किती अंतराने हवीत हे मोकळेपणाने ठरवण्याचा आणि त्यासाठी माहिती व साधनं मिळण्याचा हक्क 1994 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कैरो लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी मान्य केला आहे. ती माहिती म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. आणि सही केल्यावरही मन बदलता येतं. बसवलेली तांबी काढून मागायला कारण द्यावं लागू नये.

मधल्या काळात निरोध फाटला किंवा राहून गेला, तर घाबरत बसण्यात वेळ घालवू नकोस. तातडीची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तर त्याहून खात्रीची. आधीच दिवस राहिले असतील तर ही गोळी गर्भपात करत नाही, याबद्दल उगाच भलतंसलतं सांगितलं जातं.

डॉक्टरांची वेळ ठरली की कळव. सोबत कुणी हवं असेल तर मी येईन, पण आत बोलायचं तूच.

तुझी,
ताई