कंपनीने लीजवर दिलेल्या गाडीला पार्किंगचा दंड झालाय, कोणी भरायचा?

दंड बहुतेक वेळा चालवणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हालाच, भरावा लागतो. पण आधी लीज कंपनीने तो परस्पर भरून टाकलाय का ते विचारा, नाहीतर दोनदा पैसे जातील. मी ऑफिसच्या गाड्यांचंच काम बघतो. गाडी लीज कंपनीच्या नावावर असल्याने नोटीस आधी त्यांच्याकडे जाते, तिथून तुमच्या ऑफिसात आणि मग तुमच्या टेबलावर. या फेऱ्यात लवकर भरण्याची सवलत असलीच तर ती हुकते, वर लीज कंपनीचं हाताळणी शुल्क चिकटतं (खरा राग त्याचाच येतो). काही कंपन्या दंड भरून वसूल करतात, काही तुमचं नाव कळवून मोकळ्या होतात. दंड चुकीचा वाटत असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा, पाटीचा आणि पावतीचा फोटो जोडा. एकदा पैसे भरले गेले की हरकत घेणं फार अवघड. फक्त पगारातून परस्पर कापून घेता येतं की नाही, हे तुमचा करार आणि तिथला कायदा ठरवतो. तेवढं कलम वाचल्याशिवाय होकार देऊ नका.