उपाशी बॉल पायथन आजारी आहे का?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. माझ्याकडील चार वर्षांच्या नर बॉल पायथनने (अजगराच्या कुळातील पाळीव सापाने) डिसेंबरच्या सुरुवातीपासून, म्हणजे सहा आठवडे, उंदीर घेतलेला नाही. पाच दिवसांपूर्वी त्याचे डोळे निळसर, धुरकट झाले. आता तो तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसतो आणि श्वास घेताना अधूनमधून टिकटिक असा आवाज येतो. वजन १४२० ग्रॅमवरून १३७० ग्रॅमवर आले आहे. घरातील मंडळी म्हणतात, की हा काही आता जगत नाही. डॉक्टरांकडे न्यावे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वजनाचे आकडे, कारण सापाच्या बाबतीत ‘खात नाही’ या तक्रारीला वजनाशिवाय काहीच अर्थ नसतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील या सापाचे प्रौढ नर थंडीच्या, विणीच्या काळात कित्येक महिने उपाशी राहतात. आपल्या सापाचे वजन साडेतीन टक्क्यांनी घटले आहे. ही घट दहा टक्क्यांकडे सरकू लागली किंवा पाठीचा कणा धारदार दिसू लागला, तर मात्र थांबू नये. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहीत जा.

डोळे धुरकट होणे ही कात टाकण्याची तयारी आहे. जुन्या व नव्या कातडीमध्ये द्रव साठल्याने ते तसे दिसतात, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर साप कात टाकतो. या दिवसांत तो खात नाही, चिडतो; त्याला हाताळू नये. कात तुकड्यांत निघाली, तर डोळ्यांवरचे पापुद्रे सुटले आहेत ना, हे पाहावे; राहिले असल्यास चिमट्याने ओढू नयेत, पेटीतील दमटपणा ६० ते ७० टक्क्यांवर न्यावा.

पाण्यात बसण्याची कारणे तीन असू शकतात : कात टाकण्याआधीचा कोरडेपणा (आपण एसी लावत असाल, तर तो अधिकच), पेटीतील जास्त उष्णता, किंवा माइट (सापाच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी). तिसरे कारण घरीच तपासता येते. पांढऱ्या ओल्या टिश्यू पेपरने साप हलकेच पुसावा आणि भांड्याचा तळ पाहावा. मोहरीपेक्षाही बारीक, हलणारे काळे ठिपके दिसले, तर उपचार सापावर आणि पेटीवर, दोन्हीकडे करावे लागतात.

खरी चिंता आवाजाची आहे. कात टाकण्याच्या वेळी नाकपुडीतील सुकलेल्या पापुद्र्यामुळे असा आवाज येऊ शकतो आणि कात निघाली, की तो थांबतो. परंतु सापाला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून फुप्फुसाचा संसर्ग मुकाट्याने वाढत जातो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, डोके सतत वर उचलून धरणे, नाकातोंडात बुडबुडे किंवा चिकट लाळ यांपैकी एक जरी खूण दिसली, तर कात निघण्याची वाट न पाहता त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे. खाल्ल्यानंतर जबडा जागेवर आणण्यासाठी साप जांभई देतो, ती वेगळी. आपल्या सापाने खाल्लेलेच नसल्याने वारंवार तोंड उघडणे ही धोक्याचीच खूण समजावी.

अशा संसर्गाला बहुधा थंडी कारण होते. जानेवारीत पहाटे आपल्याकडेही पारा २० अंशांखाली उतरतो, म्हणून पेटीची उबदार बाजू ३१ ते ३२ अंशांवर आणि थंड बाजू २५ अंशांच्या आसपास आहे ना, हे आजच थर्मामीटरने, हाताच्या अंदाजाने नव्हे, तपासावे. औषधांच्या दुकानातून माणसांचे प्रतिजैविक आणून देण्याचा मोह मात्र टाळा.

तेव्हा कात निघेपर्यंत, साधारण आठवडाभर, वरील खुणांवर नजर ठेवून थांबायला हरकत नाही. त्यानंतरही टिकटिक राहिली, तर डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही, श्वास घेतानाचा मोबाइलवरील व्हिडिओ आणि मिळाल्यास ताजी विष्ठा सोबत न्यावी.